निकुंभ टेलर्स, लॅम रोड

लष्कराचे गणवेश शिवण्यात हयात गेली.
कापड कुठे झिजलंय ते बघून मी सांगतो
हा माणूस खुर्चीत बसतो की मातीत सरपटतो.
पण असलं जॅकेट माझ्या टेबलावर कधी आलं नव्हतं:
गोधडीसारखं जाड, तांदळाच्या दाण्यांची वीण,
पाठीवर तीन इंग्रजी अक्षरं,
आणि डावी कॉलर उजवीपेक्षा चांगली बोटभर लांब.

'ओढलीय कुणीतरी,' मी म्हणालो.
'चौदा वर्षं,' ग्लेनिस मॅडम म्हणाल्या.
'बहुतेक जणी उजव्या हाताच्या.'

त्यांचं मराठी नऊ वर्षांच्या मुलीचं आहे.
त्या वयात देवळाली कॅम्प सुटला,
बाप तोफखान्याच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा,
तो तिकडे वुल्वरहॅम्प्टनला बस चालवू लागला.
शाळेत रोज विचारायचे, तू नक्की कुठली?
चर्चमागच्या हॉलमध्ये, गादीवर,
कुणी विचारलं नाही.
सरळ कॉलर धरली.

मग जे झालं ते त्या असं सांगतात,
जणू काल दप्तर हरवलं:
पहाटे चारला बेकरी, सातला दोरी,
वजनाच्या दिवशी जिभेवर पाण्याचा थेंब नाही.
छप्पन्न किलोवर दोनशे ग्रॅम भरले
तेव्हा स्टेशनच्या संडासात
स्वतःची वेणी स्वतः कापली.
मी हसलो.
त्या हसल्या नाहीत.

'आणि मेडल?'
विचारायला नको होतं, पण गिऱ्हाईक नव्हतं दुकानात.

'ब्राँझची कुस्ती होती.
तिनं मला खाली दाबलं. तीस मोजतात.
मला वाटलं मी एकोणतिसाव्याला सुटले.'
मॅडमनी टेबलावरची टेप गुंडाळली, पुन्हा उलगडली.
'पंचाला नाही वाटलं.'

त्यानंतर गुडघ्याची तीन ऑपरेशनं,
वीस वर्षं टपाल वाटलं, कुत्री ओळखीची झाली,
आणि एका जानेवारीत इथे परत.
घर नाही, गोत नाही.
हवा तेवढी आठवत होती, म्हणतात.

आता भगूरच्या एका रिकाम्या द्राक्ष-शेडमध्ये
फोमवर ताडपत्री ताणून त्या पोरांना
पडायला शिकवतात. नुसतं पडायला. दोन महिने.
आयाबाया भांडून गेल्या:
फी देऊन पडायचं कशाला, ते घरी फुकट होतं.
एका डावाचं नाव उची-माता.
पोरं विचारतात, मॅडम, हिचा गड कुठंय?

जॅकेट रेणुका गांगुर्डेच्या मापाचं करायचं होतं.
चव्वेचाळीस किलो, दंड काडीसारखे,
माप घेताना श्वास रोखून उभी,
जणू इंचाइंचाला मार्क आहेत.

ब्लेडनं मी अक्षरं उसवली.
सगळं कापड पिवळं पडलेलं,
अक्षरांखालचं मात्र दुधासारखं पांढरं.
दोरा निघाला, अक्षरं राहिली.
वर पट्टी मारू का, विचारलं.
मॅडम बाहेर रिक्षाकडे बघत होत्या.
रेणुकाच म्हणाली, 'त्याच्यावर गांगुर्डे मावेल का?'
मावलं. 'र्डे' जरा काखेकडे गेला.

कॉलर मी दोन्हीकडून सारखी कापली,
आत नवं अस्तर, दुहेरी दोरा,
सुई तीनदा मोडली.
पैसे अर्धेच घेतले, ते बायकोला सांगितलेलं नाही.

परवा पोरगी जिल्ह्याच्या स्पर्धेहून आली,
बाही फाटली होती, कोपर सोललेलं.
जिंकलीस का, हे आता मी विचारत नाही.
टेप घेतली, आधी डावी कॉलर मोजली, मग उजवी.
डावी अर्धा सूत वाढलीय.